सहा तुकड्यांचा शब्द

पहिल्यांदा बाईंना वाटलं, कुणीतरी दारू प्यायलेली बाई माईकसमोर येऊन बसली होती.

आवाज नाकातून येत होता. 'ट' हवा तिथे काहीतरी ओलं, मऊ ऐकू येत होतं. 'क' घशातच बसून राहिला होता. वाक्य संपायच्या आधी दम संपत होता, आणि तरीही ती बया नेटाने पुढे वाचत होती, आपल्याला काही झालंच नाही अशा थाटात.

"कोण गं ही?" बाईंनी विचारलं. "इथे कुणाला बसवलं होतंस?"

बदलीवर आलेली मुलगी यंत्रापाशी बसली होती. ती गोंधळली. "बाई, हे आत्ताचंच आहे. तुम्हीच वाचलंत, मघाशी."

"मग यंत्र बिघडलंय तुझं."

मुलीने माईक स्वतःकडे ओढला, "एक दोन तीन चार" म्हटलं आणि लगेच वाजवून दाखवलं. एक दोन तीन चार अगदी खणखणीत ऐकू आलं. यंत्राला काही झालेलं नव्हतं.

पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार लोक उठसूट वापरतात. दूध नासलं तरी त्यांची जमीन सरकते. बाईंची त्या दिवशी खरोखर सरकली. त्यांनी टेबलाची कड धरली आणि मटकन स्टुलावर बसल्या.

या बाई कोण, ते आता सांगायला हवं, नाहीतर हा धक्का किती मोठा होता ते कळायचं नाही. ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक छोटी संस्था होती. दोन खोल्या, मध्ये जाड काचेची खिडकी. आतल्या खोलीत भिंतींना जाड कापड, खुर्चीच्या पायांना चिंध्या बांधलेल्या, म्हणजे ती कुरकुरणार नाही. बाई इथे आल्या होत्या टंकलेखनाला. एक दिवस वाचणारे गृहस्थ आजारी पडले, कुणीतरी बाईंना आत ढकललं, आणि त्या जन्मभर तिथून बाहेर आल्या नाहीत. त्यांचं नावही लोक विसरले. शिपायापासून सचिवांपर्यंत सगळ्यांच्या त्या नुसत्या 'बाई'.

गोष्टी, कादंबऱ्या त्या वाचत नसत. "त्यात काय? रडायचं तिथे रडायचं, हसायचं तिथे हसायचं. कुणीही वाचेल." बाईंना हवं असायचं विज्ञान. रसायन, वनस्पती, शरीर. जितका शब्द लांब तितकी बाईंची कळी खुलायची. ज्या शब्दाला पाहून बाकीच्या वाचकांच्या तोंडचं पाणी पळे, तो शब्द बाई पेन्सिल घेऊन मोडायला बसत.

मोडायचीही त्यांची रीत होती. शब्द जिथे जोडलेला असेल तिथेच मोडायचा, मध्येच नाही. मानेतल्या एका स्नायूचं नाव घ्या: स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. पाहिल्याबरोबर जीभ हात टेकते. बाई आधी डॉक्टरीच्या मास्तरांना फोन करून विचारत की हे सांधे कशाकशाचे. स्टर्नो म्हणजे छातीच्या मधलं हाड, क्लायडो म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मास्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा. स्नायू या तिघांना बांधतो, म्हणून नावही तिघांचं. मग दोन पेन्सिलरेघा ठळक, बाकीच्या फिक्या: स्टर, नो, क्लाय, डो, मास, टॉइड. आणि मग म्हणायचं शेपटाकडून. टॉइड. मास्टॉइड. डोमास्टॉइड. क्लायडोमास्टॉइड. "पुढून सुरुवात केली की माणूस शेवटाला घाबरतो," त्या सांगत. "शेवट आधीच तोंडात बसला असेल तर घाबरायचं कशाला?" भांडी घासताना त्या हे पुटपुटत तेव्हा त्यांच्या नवऱ्याला सुरुवातीच्या दिवसांत वाटे की बायको आपल्यावर काही करणी करतेय.

बाईंचे दोन हट्ट होते, आणि ते दोन्ही नडले. एक, त्या वाचताना कानांवर हेडफोन घालत नसत. "कान झाकले की तोंड चुकतं," हा त्यांचा सिद्धांत. स्वतःचा आवाज त्या ऐकत ते पुस्तक पूर्ण झाल्यावर, सगळं नीटनेटकं होऊन आलं की. दुसरा हट्ट म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या दिवसांत घरी गेल्यावर मौन. गळ्याला विश्रांती. नवरा लोकांना सांगे, "आमच्या संसारात भांडणं कमी झाली, त्याचं श्रेय माझ्या स्वभावाला नाही, शरीरशास्त्राच्या पुस्तकांना आहे."

आणि काचेच्या पलीकडे होता शिंपी. तो खरा ध्वनिमुद्रक. फितीच्या काळात ब्लेडने फीत कापून, चिकटपट्टी लावून जोडायचा, म्हणून हे नाव पडलं. खोकला, पानाची सळसळ, अडखळलेलं अक्षर, सगळं कापून टाकायचा. "माझी शिवण शोधून दाखवा," ही त्याची फुशारकी. कुणालाच कधी सापडली नाही. बाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण दोघांचं काम इतकं मुरलेलं की बाईंची भुवई हलली तरी त्याचा हात बटणावर जाई.

तो शिंपी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेला आणि ही मुलगी बदलीवर आली. जाताना त्याने तिला बजावलं होतं, "रोजचं वाचन बाईंना ऐकवत बसू नकोस." पोरगी कामाला चोख. तिच्या शिक्षणात शिकवलं होतं की वाचणाऱ्याला दिवसाचं काम ऐकवावं. तिने ऐकवलं.

बाईंनी स्टुलावर बसूनच विचारलं, "गेल्या महिन्यातलं आहे का? न कापलेलं?"

होतं. शिंपी काहीच फेकून देत नसे. संगणकात दोन कप्पे होते, एकावर लिहिलेलं 'कच्चं', दुसऱ्यावर 'पक्कं'. मुलीने कच्चं लावलं. सुरुवातीला बाईच होत्या, स्वच्छ, ठसठशीत. एक पान गेलं, दुसरं गेलं, आणि हळूहळू, कुणी पाणी ओतत जावं तसा आवाज पातळ होत गेला. मानेच्या स्नायूपाशी आल्यावर 'स्टर' कसंबसं निघालं. 'क्लाय'चं 'न्हाय' झालं. पुढचं नुसतं गुणगुणणं.

"आता पक्कं लाव."

पक्क्यात तोच शब्द सहाच्या सहा तुकड्यांनिशी ताठ उभा होता. बाईंच्या पंचविशीतल्या नाहीतर चाळिशीतल्या गळ्याने म्हटलेला.

"आधीचा महिना लाव. त्याच्या आधीचा."

मुलगी लावत गेली. मागे मागे जाताना आवाज सुधारत होता, पण फार मागे जावं लागलं. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत. तेवढा सगळा काळ ही नाकातून बोलणारी बाई काचेच्या आत बसून वाचत होती, काचेबाहेर शिंपी तिची अक्षरं उचलून जुनी अक्षरं बसवत होता, आणि बाई घरी जाऊन मौन पाळत होत्या, आवाज टिकावा म्हणून!

अजून एक व्हायचं होतं. पक्क्याबरोबर पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवून बाई ऐकत होत्या. पान उलटायला गेल्या तर दोन पानं चिकटलेली. छापखान्यातच कडेला डिंक लागला असावा. त्यांनी नखाने सोडवली. आतली दोन्ही पानं कोरी होती, म्हणजे छापलेली होती, पण त्यांच्यावर पेन्सिलीची एकही रेघ नव्हती. बाईंनी आयुष्यात रेघ न मारता पान वाचलं नव्हतं. ही पानं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

यंत्र वाजतच होतं. यंत्रातल्या बाई ती दोन्ही पानं वाचत होत्या. शांत, स्पष्ट, लांबलचक शब्द न अडखळता.

"बंद कर," बाई म्हणाल्या. मुलीने घाईघाईने बंद केलं. "अगं, हे मी वाचलेलं नाही. हे कुणी वाचलं?"

त्या पोरीला काय माहीत असणार? तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. बाईंनाही क्षणभर तेच वाटलं.

शिंपी कामावर परतला तेव्हा त्याच्या एका डोळ्यावर पट्टी होती. बाई बाहेरच्या खोलीत त्याच्याच खुर्चीवर बसलेल्या पाहून तो दारातच थांबला.

"ती चिकटलेली पानं," बाई म्हणाल्या.

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"अरे बोल ना! तोंडाला कुलूप लागलं का? माझ्या तोंडातनं जे निघालं नाही ते त्यात आलं कुठनं?"

"जुन्या पुस्तकांमधनं," शिंपी खाली बघत म्हणाला. "एकेक अक्षर उचललं. चार दिवस लागले."

"मला सांगितलं असतंस तर मी दहा मिनिटांत वाचलं असतं."

"तुम्ही त्या दिवशी वाचून वाचून इतक्या दमला होतात, बाई. पापणी पण उघडी राहत नव्हती तुमची. परत बसा म्हणायला जीभ रेटेना."

"आणि बाकीचं? हिवाळ्यापासनं?"

मग तो भडभडा बोलला. आधी वाटलं सर्दी आहे. एक अक्षर बदललं. मग वाटलं दमल्या असतील, दोन बदलली. मग रोज. सचिव येऊन म्हणून गेले होते की आता संगणकच पुस्तकं वाचतो, फुकट वाचतो, बाईंचं वय झालं की आपण तेच बसवू. "कानामागून आलेलं ते यंत्र तिखट होणार, आणि तुम्ही घरी बसणार. मी म्हटलं, बाईंचा आवाज गेलाय हे कुणाला कळताच कामा नये."

"मला सुद्धा?"

"तुम्हाला तर नाहीच. तुम्ही ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला नसतात."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच बाईंना जास्त राग आला. त्यांनी त्याला मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं, आणखीही काही म्हटलं जे त्या काचेच्या खोलीत कधी ध्वनिमुद्रित झालं नव्हतं. बोलता बोलता तिसऱ्या शिवीपाशी जीभ जड झाली. शिवीसुद्धा धड बाहेर पडेना. शिंपी रडायला लागला. त्याने पट्टीखालचा डोळा पुसायला हात वर नेला, आणि बाईच ओरडल्या, "हात लावू नकोस त्याला!"

नवरा आणि शिंपी बाईंना ज्यांच्याकडे घेऊन गेले त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बाईंना वर बघायला सांगितलं, बघतच राहा म्हणाल्या. थोड्या वेळाने डावी पापणी आपोआप खाली आली. मग मोठ्याने आकडे मोजायला सांगितलं. पन्नासपर्यंत बाई ठीक होत्या, पुढे आकडे एकमेकांत मिसळायला लागले. घास चावताना जबडा दमतो का? दमतो. पाणी कधी नाकात चढतं का? चढतं. बाईंचा नवरा शेजारी बसून हे ऐकत होता आणि प्रत्येक 'हो'ला त्याचा चेहरा पडत होता. पाणी नाकात चढलं की तो म्हणायचा, सावकाश पी, कोण पळवून नेतंय?

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मला गेल्या आठवड्यापासून," बाई म्हणाल्या आणि मागे उभ्या शिंप्याकडे बोट केलं. "याला वर्ष होत आलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या बाईंकडे नाही, शिंप्याकडे पाहत राहिल्या. आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. स्नायूंना हुकूम पोचतो पण टिकत नाही, वापरलं की दमतात, विसावा मिळाला की पुन्हा चालतात. गोळ्या आहेत, चांगल्या आहेत. "पण आता गिळायला त्रास व्हायला लागलाय," त्या म्हणाल्या. "यानंतर श्वासाचे स्नायू असतात. घरी सोडत नाही मी यांना. आधी आला असतात तर गोळ्यांवर भागलं असतं." मदत म्हणून शिंप्याने जी अक्षरं झाकली होती, ती बाईंच्या गळ्याची हाक होती, आणि त्याने ती वर्षभर कापून फेकली होती. फेकली नव्हती, हेच वाईट. कच्च्याच्या कप्प्यात तारीखवार ठेवली होती.

बाई इस्पितळात राहिल्या. काही दिवस वाईट गेले, एक रात्र फारच वाईट गेली, नवऱ्याने ती खाटेचा दांडा धरून काढली. मग औषध लागू पडलं. घरी आल्यावर गोळी घ्यायची, वेळ बघायची, तेवढ्यात बोलायचं ते बोलून घ्यायचं. पूर्वी जी बाई आवाज जपायला गप्प राहत होती ती आता आवाज आहे तोवर बोलत सुटायची. नवऱ्याने हूं की चूं केलं नाही, सगळं ऐकलं.

कामावर परतायचा पहिला दिवस ठरला. सचिवांनी अर्ध्या तासाचं काम दिलं होतं, तेही 'बघू' म्हणून. बाई लवकर येऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. गोळी घेतली होती, ती चढेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलेलं. शिंपी तारा गुंडाळत होता. दोघांमध्ये अबोला नव्हता, पण अजून बोलणंही नव्हतं.

तेवढ्यात काठी टेकत एक मुलगी आत आली. फिजिओथेरपी शिकणारी, वसतिगृहात राहणारी. शरीराची ती जाडी पुस्तकं ज्यांच्यासाठी वाचली जात त्यांच्यातली एक. शिंप्याच्या हालचालीच्या आवाजाकडे तोंड करून ती उभी राहिली.

"दादा, एकच विचारायला आलेय. खरं सांगाल का?"

"विचार."

"बाई कधी गेल्या?"

शिंप्याच्या हातातून तार सुटली. बाकावर बाई बसल्या होत्या त्या दगडासारख्या झाल्या.

"कुठे गेल्या?" शिंपी कसंबसं म्हणाला.

"वारल्या कधी, ते विचारतेय. आम्हाला कळलंय, लपवू नका. तुम्ही जुन्यातले तुकडे जोडून नवीन पुस्तक बनवलंत ना? बाई लांब शब्दाच्या आधी श्वास घेतात. आम्ही सगळे ओळखतो तो श्वास. तो ऐकू आला की ब्रेलची लेखणी उचलायची, मोठा शब्द येतोय. या पुस्तकात शब्द आहेत, श्वास नाही. दोन पानं तर अशी आहेत की त्यात बाईंनी एकदा पण श्वास घेतलेला नाही. जिवंत माणूस दोन पानं श्वास न घेता वाचतं का, दादा?"

शिवण सापडली होती. बाईंना राहवेना.

"अगं, मी इथेच आहे."

मुलगी दचकली. मग तिचा चेहरा संतापाने लाल झाला. "बंद करा ते!" ती शिंप्यावर ओरडली. "लाज नाही वाटत? आत्ता माझ्यासमोर बाईंचा आवाज लावता?"

"लावलेला नाही गं," बाई म्हणाल्या.

"बंद करा म्हणतेय ना!"

आयुष्यभर ज्या आवाजावर बाई जगल्या तो आवाज स्वतःच्या तोंडाने बोलत होता आणि कुणी मानायला तयार नव्हतं. बाई उठल्या. घाईत बाकाला पाय लागला, वेदनेने ओरडल्या, तशाच पुढे झाल्या आणि त्यांनी मुलीचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला. "बघ. ही मी. बोलतेय ते हाताला कळतंय का? आजारी होते. मेले नव्हते."

मुलीची बोटं गळ्यावर तशीच राहिली. शिकलेली बोटं होती ती, त्यांनी श्वास शोधला, गिळणं शोधलं, मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू चाचपले. डावीकडचा किती अशक्त झालाय तेही त्यांना कळलं असणार. बाई आणखी काही बोलल्या आणि शेवटचा शब्द नाकात गेला. मुलीने हात काढून घेतला.

"आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो होतो तुमच्यासाठी," ती म्हणाली. "अख्खं वसतिगृह. लहान मुलं पण. एकीने तर दोन दिवस जेवण सोडलं."

"अगं पण..."

"आम्ही रडलो होतो, बाई!" ती आता चिडून बोलत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ते आता परत कसं घ्यायचं?"

बाईंनी शिंप्याकडे पाहिलं. तो खाली वाकून तार उचलत होता, आणि ती त्याच्या हातात येत नव्हती.